चुकलेला जिना

मी देवाकडे जे मागत होते ते चांगलं नव्हतं, आणि हे मला मागतानाही कळत होतं. यजमानांना रक्ताचा कर्करोग झाला होता. अशा वेळी कोणतीही बायको नवऱ्याचं आयुष्य मागेल, तसं मीही मागत होते. पण नमस्कार करून वळता वळता मी आणखी एक मागणं हळूच पुढे सरकवायची. ते बरे होऊ देत, पण माझ्या हातून होऊ देत. सासूबाईंच्या हातून नको.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. हे ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, मी जवळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. मूलबाळ झालं नव्हतं, पण आमचं दोघांचं बरं चाललं होतं. मग यांना बारीक ताप येऊ लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आणि महिन्याभरात आम्ही परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बाकावर येऊन बसलो. बातमी कळताच सासूबाई सिंधुदुर्गातल्या आपल्या गावाहून एक पत्र्याची पेटी आणि एक पोत्याची पिशवी घेऊन आल्या. त्या आल्या त्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात पडून रडले होते, हेही सांगायला हवं. तेव्हा मला त्या देवासारख्या वाटल्या.

केमोथेरपी पुष्कळ महिने चालणार होती. दर वेळी हाताच्या शिरा शोधून सुई टोचत बसायचं तर शिरा टिकल्या नसत्या. म्हणून डॉक्टरांनी यांच्या छातीत एक मऊ, पांढरी नळी बसवली. उजव्या छातीवरच्या एका छोट्या छिद्रातून ती बाहेर यायची, आणि आत कातडीखालून जाऊन हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडायची. बाहेर तिची वीतभर लांबी लोंबायची, टोकाला टोपण, आणि मध्ये एक जाड भाग, त्यावर बंद करायचा चिमटा. औषध त्यातूनच जायचं, तपासणीसाठी रक्तही त्यातूनच निघायचं. ही नळी घेऊन माणूस घरी राहू शकतो, पण घरच्यांनी ती जिवापाड सांभाळायची. छिद्राभोवतीची जागा निर्जंतुक ठेवायची, पट्टी बदलायची, आत रक्त गोठू नये म्हणून ठरल्या दिवशी औषधाची पिचकारी मारायची. कात्री, ब्लेड तिच्या आसपाससुद्धा आणायची नाही. तिथल्या सिस्टरनी तीनतीनदा बजावलं, "ही नळी म्हणजे थेट आतलं दार आहे. इथून जंतू गेले तर थेट रक्तात जातील. आणि नळी कुठे फुटली तर फुटलेल्या जागेच्या आणि छातीच्या मध्ये लगेच दाबून बंद करायची. रक्त तर जाईलच, हवाही आत जाईल."

त्यांनी पहिल्यांदा मला शिकवायला घेतलं, कारण मी बायको, शिवाय शिकलेली. मी शाळेत मुलांना पेन्सिल कशी धरायची ते शिकवते. पण हातमोजे घालून त्या छिद्राजवळ कापसाचा बोळा नेताना माझे हात असे थरथरायला लागले की बोळा दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पलंगाचा दांडा धरून खाली बसले. मागे सासूबाई उभ्या होत्या. त्या नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. "माका दाखव," त्या सिस्टरना म्हणाल्या. "माका वाचूक येणा नाय, पण बघलला मी इसरत नाय." गावी त्यांनी आयुष्यभर सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफले होते. सुरंगीची कळी बोटांनी जरा जास्त दाबली तरी काळी पडते. त्या बोटांनी सासूबाईंनी पहिल्याच दिवशी यांची पट्टी अशी बदलली की यांना कळलंही नाही. सिस्टर म्हणाल्या, "बघा मावशींचा हात!" आणि हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईलाच करू दे."

त्या तीन शब्दांनी माझ्यात काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर रोज सकाळी आठ वाजता तो कार्यक्रम सुरू व्हायचा. सासूबाई पंखा बंद करायच्या, खिडकी लावायच्या, कुकरमध्ये वाफवून डब्यात ठेवलेले गॉजचे तुकडे काढायच्या. मग मला म्हणायच्या, "तू भायर बस गो. जितकी माणसां कमी तितकी बरी." तेही खरंच होतं, सिस्टरनीच सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात बसायची आणि मधलं दार लागायचं. दारापलीकडून मला दोघांचं बोलणं ऐकू यायचं. हे लहानपणी आंब्यावरून पडले ते, शाळेतून पळून खाडीवर गेले ते, कुणाची तरी म्हैस यांच्या मागे लागली ती. मला यांनी लग्नाच्या बारा वर्षांत यातलं काहीही सांगितलं नव्हतं. दोघं मालवणीत बोलायचे, आणि मालवणी हे माझ्याशी कधी बोलले नव्हते, कारण मी देशावरची. आणि हसायचे. माझ्यासमोर हे हसेनासे झाले होते. माझ्याशी ते औषधांच्या वेळा आणि रजेचे अर्ज एवढंच बोलायचे, आणि तिथे त्या बंद दाराआड ते कुणाचं तरी लाडकं पोर होऊन हसत होते.

मी हळूहळू सगळ्यात खोट काढायला लागले. सासूबाई चिकटपट्टी काढायला किती वेळ लावतात, कोमट पाण्याचा बोळा लावून लावून एकेक कडा कशा सोडवतात, म्हणजे मुद्दाम वेळ काढतात. नळी फुटली तर लावायला रुग्णालयाने दिलेला निळा चिमटा त्यांनी पलंगाच्या उशालगत दोऱ्याने बांधून ठेवला होता. मला ते दिसायला वाईट वाटायचं. आल्यागेल्याला हे कौतुकाने सांगायचे, "आईमुळे जगतोय मी," आणि मी चहाचे कप उचलून आत जायची. रात्रीचा स्वयंपाक, धुणं, शाळा, रुग्णालयाच्या खेपा, त्यांना उलटी झाली की बादली, हे सगळं मी करत होते. पण ते कुणीही करतं. नळी एकच होती, आणि ती माझ्या हाती नव्हती. आज लिहिताना लाज वाटते, पण मला माझ्या नवऱ्याच्या आजाराचाच हेवा वाटत होता, त्यातला उत्तम वाटा दुसरीला मिळाला म्हणून.

दर गुरुवारी माझा उपास असायचा. शाळेतून येताना वाटेत एका उंबराखाली दत्ताच्या पादुका होत्या, तिथे मी थांबायची. तिथेच मी ते मागणं मागत होते. एका गुरुवारी मात्र मी पुढची पायरी ओलांडली. त्या सकाळी मी दार उघडून आत डोकावले होते, तर हे म्हणाले, "अगं, जरा थांब ना, आई करतेय." जणू मी फेरीवाली होते. दुपारी पादुकांवर डोकं टेकवून मी म्हटलं, महाराज, त्यांना थोडे दिवस गावाला पाठवा. काही तरी निमित्त काढा. मला एकदा यांच्याजवळ बसू द्या.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गावाहून फोन आला. सासूबाईंचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळले होते आणि बहिणीला बघायचं म्हणत होते. सासूबाई फोन ठेवून वर आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या. "कशी जावू मी?" त्या यांना म्हणाल्या. माझ्या छातीत आधी जे उसळलं तो आनंद होता. त्याच्यामागून भीती आली. पण आधी आनंद आला, आणि तो मला ओळखता आला.

मीच म्हटलं, "आई, तुम्ही जा. मी करीन." परळला तपासणीच्या दिवशी सिस्टरनी माझ्याकडून पट्टी बदलवून घेतली. सासूबाई शेजारी नव्हत्या म्हणून की काय, हात कमी थरथरले. सिस्टर म्हणाल्या, "जमेल. घाई करायची नाही, बस." सासूबाई निघताना मला सगळं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. खालच्या गल्लीतले कंपाउंडर रोज येऊन जातील, त्यांना सांगून ठेवते, असंही म्हणाल्या. मी ठाम नाही म्हटलं. रिक्षा वळल्यावर मी वर आले आणि घर आवरायला काढलं. पलंग खिडकीकडून भिंतीकडे सरकवला. गॉजचा डबा दुसऱ्या फळीवर ठेवला. उशाचा दोरा तोडला आणि तो निळा चिमटा कपाटात, औषधांच्या खोक्यात, नीट ठेवून दिला. त्या घरात सासूबाईंनी लावलेलं काहीही मला जागच्या जागी नको होतं.

सहा दिवस बरे गेले. मी शाळेतून रजा घेतली होती. रोज आठ वाजता मी पंखा बंद करायची, हात धुवायची, आणि मधलं दार मी लावायची, जरी पलीकडे कुणी नव्हतं तरी. माझी पट्टी वाकडी बसायची, वेळ दुप्पट लागायचा, पण व्हायचं. मी यांना म्हणायची, सांगा ना, ती म्हशीची गोष्ट. ते म्हणायचे, "काय सांगायचं त्यात." आणि छताकडे बघत राहायचे. मी ठरवलं होतं, या गुरुवारी पादुकांना नारळ वाहायचा.

त्या गुरुवारी सकाळी चिकटपट्टी निघेना. उन्हाळा होता, घामाने तिचा डिंक छातीवरच्या केसांत घट्ट बसला होता. मी कोमट पाण्याचा बोळा लावला, ओढलं, पुन्हा लावला. यांना दुखत होतं. ते दात आवळून पडले होते. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आई असती तर एवढं दुखलं नसतं."

मी उठले आणि शिवणाच्या डब्यातली कात्री आणली. एवढं तीनतीनदा बजावलेलं, मला तोंडपाठ असलेलं. मी स्वतःला सांगितलं, फक्त कड कापायची आहे. मी कड कापली, आणि पट्टीखाली वळून बसलेली नळी मला दिसली नाही.

आधी मला वाटलं, पाणीच ओघळलं. मग ते लाल झालं. कात्री लागली होती ती नळीवरच्या चिमट्याच्या वर, छातीपासून जेमतेम चार बोटांवर. मी तो नळीवरचा चिमटा लावला आणि रक्त थांबलं नाही. थांबणार कसं, तो फुटलेल्या जागेच्या खाली होता. मला एवढं साधं कळेना. निळा चिमटा हवा होता आणि तो मी कुठे ठेवला ते आठवेना. फळीवर पाहिलं, उशाशी पाहिलं, जिथे तो महिनोन्महिने लटकत होता तिथे रिकाम्या जागी मी तीन वेळा हात नेला. हे पांढरे पडले होते. म्हणाले, "काय झालं?" मी पुन्हा फळीकडे धावले.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बाहेरून बाईचा आवाज आला, "ताजी मुशी हाय, गो!"

मी आतूनच ओरडले, "आज गुरुवार आहे! आम्ही घेत नाही!"

हे मी का ओरडले ते मला आजही सांगता येत नाही. नवऱ्याच्या छातीतून रक्त येत होतं आणि मी कोळणीला वार सांगत होते. पण माझा आवाज काही तरी वेगळाच लागला असावा, कारण ती गेली नाही. दाराला कडी घालायची मी विसरले होते. दार ढकलून ती आत आली, डोक्यावर पाटी, केसांत पिवळी फुलं, गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं. पन्नाशीची असेल. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातांकडे, पाटी दारातच उतरवली आणि पलंगाशी वाकली.

"कुठशी गलते? दाखव."

मी दाखवलं. तिने फुटलेल्या जागेच्या वर, छातीलगत, नळी दोन बोटांत धरली, पटकन दुमडली आणि दुमड मुठीत आवळली. रक्त थांबलं.

"हात धुवा!" मी किंचाळले. "तुमचे हात धुवा आधी!"

"धुवीन गो मंग. आदी गलाचा तर थांबू दे." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमचे होरीचे इंजिनाची नली फुटली का असाच करतान. दुमरायची आनि सोरायची नाय. आता रिक्षा बोलव."

मी तीन मजले अनवाणी उतरले. आम्ही यांना कसं खाली आणलं ते मला तुटक तुटक आठवतं. शेजारी आले, यांना खुर्चीत बसवून उतरवलं, आणि ती बाई मूठ छातीशी धरून वाकून वाकून प्रत्येक पायरी बरोबर उतरली. तिची पाटी आमच्या दारातच राहिली. रिक्षात हे एका कडेला, मध्ये ती, आणि दुसऱ्या कडेला मी. तिचं डोकं यांच्या खांद्याला टेकलं होतं, मूठ छातीवर. जवळच पश्चिमेला एका सर्जनांचं छोटं इस्पितळ होतं, पण रस्ता खणलेला, रिक्षा दर हाताला आदळत होती. आणि त्या रिक्षात, नवरा मरणाच्या दारात असताना, मला काय वाटलं ते मी लिहिणारच आहे. मला वाटलं, आताही माझे हात नाहीत. आताही दुसऱ्याच बाईचे. सासूबाई गेल्या तर देवाने रस्त्यावरची एक मासेवाली आणून बसवली, पण मला जागा दिली नाही.

मी म्हटलं, "द्या, मी धरते."

तिने मान वळवली. तिच्या तोंडावर घाम होता, बोटं आवळून आवळून पांढरी झाली होती. ती रागावली नाही. म्हणाली, "तुजे हात कापतान गो बाय. हे माजेकरं राहू दे. तू त्याचा हात धर ना. तो कवाचा शोधते."

मी पाहिलं. यांचा हात तिच्या पाठीमागून माझ्या बाजूला आला होता आणि रेग्झिनच्या सीटवर आंधळ्यासारखा चाचपत होता. कितीतरी वेळ तो तसा चाचपत असावा. मी तो धरला. तो गार होता. इतक्या महिन्यांत मी तो हात नाडी बघायला धरला होता, ताप बघायला धरला होता. नुसता धरला नव्हता. माझं सगळं लक्ष त्या वीतभर नळीवर होतं. यांनी डोळे मिटूनच विचारलं, "आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." ते म्हणाले, "जाऊ नकोस." मी म्हटलं, "नाही."

तेव्हा माझ्या आत काही तरी सैल पडलं. मी मनात म्हटलं, महाराज, कुणाच्याही हातून करा. मला नाही दिलंत तरी चालेल. कोळणीच्या हातून करा, आईंच्या हातून करा, मला बाहेर बसवा. एवढ्या महिन्यांत मी पहिल्यांदा अटीशिवाय काही मागितलं. आणि हेही खरं की ते मागताना मला भीती वाटली नाही.

सर्जननी चिमटे लावल्यावरच तिने मूठ सोडली. तिची बोटं सरळ होईनात, नर्सने ती चोळून दिली. सर्जन तिला म्हणाले, "बाई, तुम्ही आणखी पाच मिनिटांनी आला असता तर कठीण होतं." तिने नुसतं "असां?" म्हटलं, आणि नळावर जाऊन चांगले कोपरापर्यंत हात धुतले. मग मला म्हणाली की माझी भाची तुमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये बाळंत झालीये, तिला दूध भरपूर यावं म्हणून मुशी मासा आणला होता. दोन्ही बिल्डिंगी सारख्याच दिसतात, जिना चुकला. एवढं सांगून ती गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

यांना तिथून रुग्णवाहिकेने परळला नेलं. नळीचा बाहेरचा तुकडा कापून तिथे नवा जोड बसवला. पण तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. नळीतून जंतू गेले होते, यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी नावालाच होत्या, आणि दोन आठवडे प्रतिजैविकं चालली. त्या दोन आठवड्यांत सगळं अधांतरी होतं. डॉक्टर काही सांगत नव्हते. मी बाकावर बसून राहायची आणि सिस्टर जे करतील ते बघायची, काही न मागता.

सासूबाई आल्या तेव्हा यांचा ताप नुकताच उतरायला लागला होता. भाऊ गेला होता, त्याचं सगळं करून त्या आल्या होत्या. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ, मी त्यांना सगळं सांगितलं. कात्रीचं सांगितलं. चिमटा का हलवला तेही सांगितलं. आणि शेवटी पादुकांपाशी काय मागितलं होतं तेही. "आई, तुमचे भाऊ माझ्यामुळे गेले," मी म्हटलं.

मला वाटलं, आता यापुढे या माझ्याशी बोलणार नाहीत.

"माझो भाव ब्याऐंशी वर्सांचो," त्या म्हणाल्या. "तुझ्या सांगण्यान देव माणसां मारूक लागलो, तर जगात उरतलो कोण?" मग पदराने तोंड पुसून खाली बघत म्हणाल्या, "तू सांगितलंस, तर मी पण सांगतंय. तुका शिकवूक मी मुद्दाम टाळलंय. लगीन झाला तसो तो तुझो झालो. गावाक येय तो चार दिवस, पावण्यासारखो. ह्या नळयेन माका रोज सकाळचो अर्धो तास दिलो. तुझे हात कापतत ह्या बघून माका बरा वाटायचा. मी पण देवाक सांगी होतंय, ही नळी इतक्यात काढू नको म्हणान. आई असान मी असा सांगी होतंय."

म्हणजे त्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी एकच करत होतो. मी रडायला लागले तशा त्या म्हणाल्या, "रडा नको. हात पुढे कर." आणि तिथेच, व्हरांड्यात, त्यांनी माझी बोटं आपल्या बोटांत घेऊन चिकटपट्टीची कड कशी सोडवायची ते माझ्या मनगटावर दाखवलं. कातडी धरायची, पट्टी ओढायची नाही. पट्टी स्थिर ठेवायची आणि कातडी तिच्यापासून सोडवत न्यायची. एवढंच होतं.

हे घरी आल्यावर आम्ही आळीपाळीने करू लागलो. एक दिवस त्या, एक दिवस मी. मधलं दार उघडं राहायला लागलं, मात्र जिची पाळी नसेल तिने उंबऱ्याच्या आत यायचं नाही, एवढा नियम ठेवला. आमच्या दोघींत काय झालं ते यांना काही कळलं नाही. ते म्हणायचे, "तुम्हा दोघींचं बरंच जमायला लागलं." आम्ही सांगितलं नाही.

आम्ही दोघी मिळून त्या बाईंचा शोध घेतला. कठीण नव्हतं, शेजारच्या इमारतीतल्या भाचीने पत्ता सांगितला. खाडीकाठच्या त्यांच्या घरी आम्ही साडी आणि नारळ घेऊन गेलो. त्या अंगणात वाकटीची मासळी वाळत घालत होत्या. मी वाकून नमस्कार केला तशा त्या दोन पावलं मागे सरकल्या. मी म्हटलं, "तुम्ही गुरुवारी आलात. माझ्यासाठी दत्तमहाराजच आले."

"देव कसला गो," त्या म्हणाल्या. "माजा जिना चुकला." आणि लगेच, "पेशंट कसा हाय? जेवते का?"

मग सासूबाईंनी वाकटीचं विचारलं, आणि त्या दोघी मासे, मीठ आणि ऊन यांवर अशा रमल्या की तासभर मला कुणी विचारलं नाही. मी ओटीवर बसून होते. मला पुन्हा तेच टोचलं, आणि मला हसू आलं. मत्सर माझ्यातून गेला असं मी म्हणणार नाही. तो घरच्या पाहुण्यासारखा येतो, बसतो. मी फक्त त्याच्या हातात कात्री देत नाही.

सात महिन्यांनी औषधं संपली. रक्त स्वच्छ आलं, आणि डॉक्टरांनी नळी काढली. दोन मिनिटांचं काम होतं. छातीवर एक छोटं छिद्र राहिलं, त्याला पट्टी. घरी आल्यावर पहिल्या सकाळी आठ वाजता मी हात धुऊन आले, सासूबाईही हात धुऊन आल्या. पाळी कुणाची तेच ठरलं नव्हतं. हे कपाटाच्या आरशासमोर उभे होते. त्यांनी आपल्या हाताने जुनी पट्टी काढली, जागा पुसली, नवी पट्टी लावली, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "काय?"

जखम पुरती भरली त्या दिवशी डॉक्टरांनी अंगावर पाणी घ्यायची परवानगी दिली. नळी होती तोवर छाती भिजवायची नव्हती, ओल्या फडक्याने अंग पुसणं एवढंच. त्या दिवशी सकाळी यांनी आपली बादली आपण भरली आणि न्हाणीघराचं दार आतून लावलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतो. पहिला तांब्या डोक्यावरून ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा, तिसरा. मग हे मोठ्याने, बेसूर, काही तरी गायला लागले, मालवणीही नाही आणि मराठीही नाही, नुसता आ लावून. सासूबाईंचे हात थांबले, माझेही. आम्हाला आत जायचं नव्हतं, काही द्यायचं नव्हतं, काही धरायचं नव्हतं. परातीवर हात तसेच ठेवून, बादली रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी ऐकत बसलो.